दीड लाखाच्या आसपास चाललेली हायब्रिड गाडी घेताना: सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

मी १,३८,००० किलोमीटर चाललेली टोयोटा हायरायडर हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेतोय म्हटल्यावर घरातून, शेजारून आणि दुकानातून एकच वाक्य ऐकू आलं: "बॅटरी गेली की संपलं." ते कुणीच समजून-उमजून बोलत नव्हतं, पण तेव्हा मलाही नीट उत्तर देता येत नव्हतं. चार महिने गाड्या बघितल्या, दोनदा फसता फसता वाचलो, आरटीओच्या चकरा मारल्या. आज मीटर १,६६,००० वर आहे आणि बॅटरी मूळचीच आहे. त्या चार महिन्यांत कुणी समोर बसवून सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते खाली लिहितोय.

१. आधी हिशेब: तुमच्या वापराला हायब्रिड लागते का?

माझा टॉवेल-चादरीचा धंदा आहे. पुणे, हैदराबाद, विजयपूर धरून महिन्याला साधारण २,५०० किलोमीटर होतात. जुनी पेट्रोल गाडी लिटरला १४ द्यायची, ही एसी लावून २१ देते. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला ६,२०० रुपयांच्या आसपास वाचतात. पण तुमचं फिरणं घर ते दुकान, महिन्यातून एकदा अक्कलकोट किंवा पंढरपूर, मिळून ६०० किलोमीटर असेल, तर बचत १,५०० रुपयांवर येते. तेवढ्यासाठी जास्त चाललेली, महागड्या भागांची गाडी घेऊ नका. कमी चाललेली साधी पेट्रोल गाडी घ्या, सुखी राहाल.

दुसरी गोष्ट, कंपनीचा आकडा धरून गणित करू नका. हायरायडर आणि मारुतीच्या ग्रँड विटारा हायब्रिडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. हायब्रिड गावात जास्त वाचवते, कारण ब्रेक दाबताना वाया जाणारी ताकद ती बॅटरीत साठवते. मोकळ्या पुणे हायवेवर ११० ने सुटलात तर इंजिन सतत चालू राहतं आणि फायदा आटतो. मी ९० च्या आसपास चालवतो, तेव्हा २१-२२ मिळतं.

२. खरी हायब्रिड की नुसता बिल्ला?

पहिला मोठा खड्डा इथेच आहे. "हायब्रिड आहे साहेब" म्हणून मला पहिल्याच आठवड्यात जी गाडी दाखवली, ती माइल्ड हायब्रिड निघाली. तिच्यात छोटी मोटर इंजिनाला नुसता हात लावते, गाडी फक्त विजेवर चालत नाही. मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगाच्या 'एसएचव्हीएस' बिल्ल्याच्या गाड्या या प्रकारातल्या. ग्रँड विटारा आणि हायरायडर दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून गाडीचं नाव ऐकून ठरवू नका. आरसीवर 'पेट्रोल/हायब्रिड' दिसलं तरी हुरळू नका. माइल्ड गाड्यांच्या आरसीवरही तेच लिहिलेलं असतं.

ओळख सोपी आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे फक्त विजेवरही चालू शकणाऱ्या खऱ्या हायब्रिडमध्ये, बटण दाबल्यावर इंजिनाचा आवाज येईलच असं नाही. डॅशबोर्डवर 'रेडी' येतं आणि गाडी आवाज न करता पुढे सरकते. आत ईव्ही मोडचं, म्हणजे फक्त विजेवर चालवायचं बटण असतं. बोनेट उघडलं की जाड नारिंगी केबल दिसतात. त्या हाय व्होल्टेजच्या केबल आहेत, त्यांना हात लावायचा नाही, ओढून बघायच्या नाहीत.

बाजारात सापडणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड म्हणजे २०२२ मध्ये आलेल्या होंडा सिटी ई:एचईव्ही, हायरायडर आणि ग्रँड विटारा, त्यामागोमाग इनोव्हा हायक्रॉस, आणि २०२३ ची मारुती इन्व्हिक्टो. २०१३ पासूनच्या कॅमरी हायब्रिडही स्वस्तात दिसतात. कॅमरी फार सुखाची गाडी आहे, पण दहा-बारा वर्षांची बॅटरी आणि पुण्याहून मागवावे लागणारे भाग हे सगळं सांभाळायची तयारी असेल तरच तिच्या नादी लागा. पहिली हायब्रिड म्हणून मी ती कुणाला सुचवणार नाही.

३. वॉरंटीचं उरलेलं माप

टोयोटा, मारुती आणि होंडाच्या या नव्या हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी आहे, यातलं जे आधी संपेल ते. विकणारा फक्त पहिला अर्धा भाग सांगतो: "२०३० पर्यंत वॉरंटी आहे." माझ्या गाडीचंच बघा. वर्षं पाच शिल्लक होती, किलोमीटर मात्र २२,०००. माझ्या वापराने ते नऊ महिन्यांत संपणार होते. म्हणून मी पाच वर्षं विसरलो आणि नऊ महिने धरून भाव केला.

जास्त चाललेल्या हायब्रिडचा भाव असाच करा. उरलेल्या किलोमीटरना तुमच्या महिन्याच्या वापराने भागा. उत्तर वर्षाच्या आत आलं तर ही गाडी वॉरंटीबाहेरची आहे असं समजून बोला. मी पेट्रोलमधून वाचणाऱ्या पैशांतले ३,००० रुपये दर महिन्याला वेगळे टाकतो, बॅटरीच्या नावाने. उद्या लागले तर कुणापुढे हात पसरायला नको.

चासी नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जा आणि या गाडीची हायब्रिड वॉरंटी चालू आहे का, ते लेखी किंवा मेलवर मागा. बाहेरून सीएनजी बसवलेली, वायरिंग कापून जादा दिवे किंवा ॲम्प्लिफायर जोडलेले, सर्व्हिस मध्येच सोडलेली अशी गाडी असेल तर वॉरंटीचा वाद होतो. अशा गाडीला तिथूनच रामराम करा. आणि त्याच भेटीत विचारा की हायब्रिडचं काम सोलापुरातच होतं की गाडी पुण्याला पाठवावी लागते.

४. मीटर नको, नोंदी बघा

दुसऱ्यांदा मी फसणार होतो ती गाडी मीटरवर ६२,००० दाखवत होती. पांढरीशुभ्र, आतून अत्तराचा वास. माझ्यासोबत होटगी रोडचे एक जुने मेकॅनिक होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी मीटरकडे पाहिलंच नाही. खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं, ड्रायव्हरच्या सीटची कड दाबली, स्टीअरिंगवरून अंगठा फिरवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, हे पाय साठ हजाराचे नाहीत." दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये नोंद काढली. दोन सर्व्हिसआधीच गाडी १,०४,००० वर होती.

म्हणून विकणाऱ्याकडून सर्व्हिस हिस्ट्री मागा आणि ती वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदीशी ताडून बघा. तारीख आणि किलोमीटर दोन्ही चढत गेले पाहिजेत. विम्याच्या क्लेमची माहितीही मागा.

सगळ्या नोंदी जुळत असतील तर मोठा आकडा बघून दचकू नका. दोन वर्षांत हायवेवर दीड लाख चाललेली गाडी मला पार्किंगमध्ये उन्हात उभी राहून चाळीस हजार झालेल्या गाडीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. बॅटरीला उष्णता आणि न वापरता पडून राहणं, दोन्ही मानवत नाही. टोयोटाच्या हायब्रिड यंत्रणेत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. म्हणजे जास्त चालल्यावर साध्या गाडीत जे हमखास जातं, त्यातलं बरंचसं इथे मुळातच नाही.

हायक्रॉसच्या बाबतीत एक जादा चौकशी करा. गाडी आधी टुरिस्ट परमिटवर होती का? पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आलेली असेल तर ते आरसीच्या इतिहासात दिसतं, आणि भाव त्याप्रमाणे उतरला पाहिजे.

५. गाडी बघायला जाताना पिशवीत काय हवं

टॉर्च, पांढरा रुमाल, टायरची खोली मोजायला नाणं, वही. आणि एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या दोषांच्या नोंदी वाचणारं छोटं यंत्र. तो स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि हायब्रिडची बॅटरी वाचणारं ॲप मोबाईलवर घ्यायचं. ॲप तुमच्या मॉडेलला चालतं का ते आधी घरी तपासा. साध्या स्कॅनरवर बॅटरीच्या आतलं सगळं दिसत नाही, पण साठवलेले फॉल्ट कोड दिसतात. P0A80 हा कोड निघाला तर बॅटरी बदलायची वेळ आली आहे असा त्याचा अर्थ. कोड एकही नाही, पण सगळे नुकतेच पुसलेले दिसतात, तर तेही वाईटच लक्षण. कुणी का पुसले ते विचारा.

६. सकाळी, गार गाडी, आणि तासभर वेळ

विकणाऱ्याला सांगा, मी यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. गार इंजिनातच खरा आवाज आणि खरा धूर कळतो.

चालू केल्यावर 'रेडी' येतं का, कुठला पिवळा किंवा लाल दिवा पेटून राहतो का, ते बघा. 'रेडी' यायला अडखळत असेल तर दोष बहुतेक वेळा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असतो. ती स्वस्तात बदलते, त्यामुळे लगेच घाबरू नका, पण तेवढे पैसे भावातून कापा.

आता एसी २२ वर लावून गाडी जागेवर उभी ठेवा आणि डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दांड्यांकडे वीस मिनिटं बघत बसा. कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात मोलाची तपासणी हीच. चांगल्या बॅटरीचे दांडे सावकाश उतरतात, मग इंजिन चालू होतं, दांडे सावकाश चढतात, इंजिन बंद होतं. थकलेली बॅटरी भरभर उतरते आणि तितक्याच भरभर भरते. इंजिन मिनिटामिनिटाला चालू-बंद व्हायला लागतं. हे बघायला दुपार मिळाली तर उत्तम. एप्रिल-मे मध्ये सोलापूर ४२-४३ अंशांवर असतं, तेव्हा लपलेला दोष आपोआप वर येतो. सीटजवळून पंख्याचा मोठा घोंघाट येत असेल तर बॅटरीला हवा कमी मिळते आहे. टोयोटाच्या बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड करायला केबिनमधली हवा सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते आणि त्या जाळीच्या मागे फिल्टर असतो. आपल्याकडची धूळ त्या फिल्टरमध्ये गोधडीसारखी बसते. फिल्टर काढून दाखवायला सांगा. तो गच्च भरलेला असेल तर आधीच्या मालकाने गाडी कशी सांभाळली तेही कळतं.

मग रस्त्यावर. मी गाडी तुळजापूरच्या घाटात नेली आणि तुम्हीही न्या. वर चढताना ताकद मध्येच गळू नये, तापमानाचा इशारा येऊ नये. उतरताना बॅटरी भरत जाते आणि पूर्ण भरली की इंजिन आपोआप जोरात घुमायला लागतं. पहिल्यांदा ऐकलं की माणूस दचकतो, पण तो दोष नाही. बॅटरी भरल्यावर गाडी इंजिनाचा ब्रेक म्हणून वापर करते.

ब्रेक दाबल्यावर बारीक सूं असा पंपाचा आवाज येतो, तोही नेहमीचाच. पण पाय न लावता तो पंप दर काही सेकंदांनी चालू होत असेल तर ब्रेकची यंत्रणा तपासून घ्या, ती दुरुस्ती महाग जाते. ब्रेकचं काम मोटर अर्धंअधिक करते म्हणून पॅड फार टिकतात, पण त्यामुळेच कुणी ते उघडून बघत नाही आणि डिस्क गंजतात.

बाकीचं साध्या गाडीसारखंच. रॅम्पवर घेऊन शॉकअप, लोअर आर्मचे बुश, व्हील बेअरिंग, इंजिनाचे माउंटिंग बघा. हायरायडर आणि ग्रँड विटाराचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, माउंटिंग थकले की चालू-बंद होताना धक्का बसतो. इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या भागाचं) कूलंट इंजिनाच्या कूलंटपासून वेगळ्या डब्यात असतं. त्याची पातळी आणि रंगही बघा, कारण बरेच मेकॅनिक तो डबा विसरतात. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२२ म्हणजे २०२२ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. मीटर कमी दाखवत असूनही टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील तर मीटरवर पुन्हा शंका घ्या.

७. पुराची गाडी

२०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच सीनाकाठी पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा. हायब्रिड गाडीत मोठी बॅटरी खालच्या बाजूला असते. पाणी शिरलेली हायब्रिड कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही, याला माझ्या लेखी अपवाद नाही.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि पांढऱ्या रुमालाने पुसा. आतल्या भागावर चिखलाची रेघ असते. सीटचे बोल्ट गंजलेले का, डिकीत स्टेपनीच्या खोबणीत गाळ आहे का, कार्पेट उचलल्यावर वास येतो का, बघा. धुऊन काढणारे हुशार असतात, पण बोल्टचा गंज आणि बेल्टची रेघ त्यांच्याकडून हमखास राहते.

८. कागद

बयाणा देण्याआधी परिवहनच्या वेबसाइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. कितवा मालक, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा, काळ्या यादीत आहे का, हे दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर ई-चलान बघा. ते विकणाऱ्याने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लागणारे कागद:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- मालकी बदलाचे अर्ज: फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांनिशी
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. यालाच आरटीओत एचपी उतरवणं म्हणतात. बँकेच्या एनओसीला मुदत असते, ती बघा
- तुम्ही कर्ज काढत असाल तर फॉर्म ३४
- दोघांचं आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो
- चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा
- दोन्ही स्मार्ट चाव्या. एकच दिली तर दुसरीची किंमत कापा

एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची गाडी सोलापूरला आणली तर नंबर तोच राहतो. केए-२८ किंवा हैदराबादची गाडी मात्र वेगळं प्रकरण आहे. आपण हद्दीवर राहतो, विजयपूर शंभर किलोमीटरवर, त्यामुळे तिकडची स्वस्त गाडी खुणावते. पण फॉर्म २८ ची एनओसी, फॉर्म २७ ने नवा नंबर आणि महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा, हे सगळं आलं. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला इथे नवीन घेताना १२ टक्के टॅक्स लागतो, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी. हा आकडा आरटीओतून काढून आणा आणि मगच तिकडच्या भावाशी तुलना करा. मी केली आणि पुण्याची गाडी घेतली.

जुनी कॅमरी घेणाऱ्यांसाठी: १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसलेली हवी, नाहीतर ट्रान्स्फर अडकते.

माझं काम तीन आठवडे कशाने अडलं, तर ओटीपीने. ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी विकणाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाईलवर जातो, आणि त्यांचा तो नंबर कधीच बंद झाला होता. पैसे देण्यापूर्वी विचारा: "आरसीला कोणता मोबाईल नंबर जोडलाय, तो तुमच्याजवळ आहे का?"

९. पैसे आणि ताबा

बयाणा छोटा द्या आणि लेखी पावती घ्या, त्यात 'कागदात दोष निघाल्यास बयाणा परत' हे वाक्य हवं. बाकी रक्कम बँकेतून. ताबा घेताना साध्या कागदावर तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांनी सही करा. त्या मिनिटाच्या आधीची चलानं त्यांची, नंतरची तुमची.

विकणारा "ट्रान्स्फर करू निवांत" म्हणाला तर ऐकू नका. कायद्याने नवीन मालकाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यालाही सांगा, ते त्याच्याच हिताचं आहे: नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, असा २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. विमा कंपनीला मात्र १४ दिवसांत कळवायचं. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे तेवढा फरक भरावा लागतो. हे आधी न कळल्याने माझा हिशेब चुकला होता.

१०. पहिल्या पंधरा दिवसांत

विकणाऱ्याचा फास्टॅग बंद करवून स्वतःचा लावा. गाडीचं मोबाईल ॲप आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेलं असतं आणि गाडी कुठे आहे ते त्याला दिसत राहतं. वर्कशॉपमधून ते खातं काढून तुमचं जोडून घ्या. हे कुणीच सांगत नाही.

इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि बॅटरीचा फिल्टर, तिन्ही पहिल्याच आठवड्यात. १ लाखाच्या पुढची गाडी असल्यामुळे मी गिअरबॉक्सचं ऑइलही बदललं. टायर, शॉकअप, ऑइलं आणि विमा मिळून माझे ७४,००० रुपये गेले. तेवढे पैसे गाडीच्या किमतीबाहेर बाजूला ठेवूनच सौदा करा.

उन्हाळ्यात गाडी सावलीत लावा. सावली नसेल तर निघण्याआधी दोन मिनिटं काचा खाली करा आणि मग एसी लावा, म्हणजे केबिनमधली भट्टीसारखी हवा बॅटरीत ओढली जात नाही. चार-पाच आठवडे गाव सोडून जाणार असाल तर घरच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी 'रेडी' करून अर्धा तास चालवायला सांगा. फिल्टर आम्ही दर ५,००० किलोमीटरला काढून साफ करतो, आता तर मुलगाही करतो. स्क्रू नाही, दोन क्लिपा आहेत, मात्र आधी गाडी पूर्ण बंद करून चावी घरात ठेवायची.